रक्तपेढीच्या पडद्यावरच्या रंगीत ओळी

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत खिडक्या आणि बटणं बनवायला स्विंग नावाचा तयार कोडचा संच असतो. त्यात टेबलाची एखादी ओळ रंगवायची म्हटलं तर काम दहा ओळींच्या कोडचं दिसतं. अट तपासायची, मागचा रंग बदलायचा, झालं. मी हे काम एका रक्तपेढीच्या साठ्याच्या यादीसाठी केलं. स्विंगचं टेबल आतून कसं चालतं ते त्या निमित्तानं नीट समजलं, पण खरा वेळ गेला तो कुठली ओळ कधी रंगवायची आणि कुठल्या रंगानं, हे ठरवण्यात. दवाखाने, पतसंस्था, गोदामं अशा ठिकाणी जावाचे डेस्कटॉप प्रोग्रॅम अजून रोज चालतात. ते सांभाळणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

रक्तपेढी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. प्रोग्रॅम जुना, जावा ८ वर चालणारा, आणि मूळ लिहिणारी मंडळी केव्हाच दुसऱ्या कामांना लागलेली. मुख्य खिडकीत एक जेटेबल, म्हणजे स्विंगचं टेबल. त्यात पिशवीचा क्रमांक, घटक, रक्तगट, संकलनाची तारीख, मुदतीची तारीख, तपासणी पूर्ण झाल्याची टिक आणि फ्रिजचा कप्पा असे सात स्तंभ. मागणी एवढीच होती की मुदत जवळ आलेली पिशवी यादीत चटकन दिसावी.

ही मागणी किती महत्त्वाची आहे ते तिथे चार तास बसल्यावर कळतं. दात्यानं दिलेलं रक्त बहुतेक वेळा तसंच्या तसं वापरत नाहीत, त्याचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि पिशवीत कुठलं द्रावण आहे त्यानुसार त्या ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या यंत्रात, फक्त ५ दिवस. गोठवलेला प्लाझ्मा उणे ३० किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये वर्षभर. म्हणजे ‘तीन दिवस उरले’ या वाक्याला नुसतं काही मोल नाही. प्लेटलेटच्या पिशवीला तीन दिवस उरलेत म्हणजे ती ताजी आहे, आणि प्लाझ्माला तीन दिवस उरलेत म्हणजे वर्षभर कुणाचं तिच्याकडे लक्ष गेलेलं नाही. जुन्या कोडमध्ये सगळ्यांना एकच नियम होता: मुदतीला सात दिवसांहून कमी उरले की पिवळा. त्यामुळे प्लेटलेटची प्रत्येक पिशवी यादीत आल्या क्षणापासून पिवळीच असायची आणि तिकडे पाहायची सवय लोकांनी सोडून दिली होती.

पण आधी तो पिवळा रंग तरी धड दिसत होता का? नव्हता. यादी वरखाली सरकवली की नको त्या ओळींच्या मुदतीच्या चौकटी पिवळ्या व्हायच्या, आणि एकदा झाल्या की तशाच राहायच्या. याचं कारण स्विंगच्या रचनेतच आहे. जेटेबलमध्ये हजार ओळी असल्या तरी हजार लेबलं नसतात. मजकूर दाखवणारा एकच रेंडरर, म्हणजे चौकट रंगवणारा घटक, असतो आणि टेबल तोच प्रत्येक चौकटीवर शिक्क्यासारखा उमटवत जातं: मजकूर भरला, उमटवला, पुढच्या चौकटीचा मजकूर भरला, उमटवला. आता ‘डिफॉल्ट टेबल सेल रेंडरर’ला ‘सेट बॅकग्राउंड’ करून पिवळा दिला की तो रंग त्याच्या पोटात ‘निवड नसतानाचा रंग’ म्हणून साठून राहतो. पुढच्या चौकटीच्या वेळी तो पिवळाच वापरतो. जुन्या कोडमध्ये ‘जर मुदत जवळ असेल तर पिवळा’ एवढंच होतं, ‘नाहीतर नेहमीचा’ ही शाखाच नव्हती. टिक दाखवणारा रेंडरर मात्र दर वेळी टेबलाचा रंग नव्यानं घेतो, म्हणून त्या स्तंभात हा घोटाळा होत नाही, आणि दोन स्तंभ दोन तऱ्हेनं वागताना पाहून माणूस चक्रावतो. म्हणून रेंडररमध्ये हात घालायचा तर प्रत्येक फेरीत प्रत्येक गुणधर्म नव्यानं ठरवायचा: मागचा रंग, अक्षरांचा रंग, फॉन्ट, सगळं. जे ठरवलं नाही ते मागच्या चौकटीकडून आलेलं असू शकतं.

दुसरी अडचण पूर्ण ओळीची. स्विंग स्तंभाच्या प्रकारानुसार वेगवेगळे रेंडरर वापरतं. आकड्यांना एक, जुन्या ‘डेट’ वर्गाच्या तारखांना एक, टिकेला चेकबॉक्सवाला आणि बाकी सगळ्यांना ‘ऑब्जेक्ट’चा. ‘ऑब्जेक्ट’साठी आपला रेंडरर बसवला की मजकुराचे स्तंभ रंगतात, पण तारखा आणि टिक पांढऱ्याच राहतात. मग माणसं प्रत्येक प्रकारासाठी वेगळा रेंडरर लिहीत बसतात आणि तोच नियम चार ठिकाणी कॉपी होतो. त्यापेक्षा जेटेबलचा उपवर्ग, म्हणजे त्याचीच आपली बदललेली आवृत्ती, करून ‘प्रिपेअर रेंडरर’ ही पद्धत आपल्या हातात घ्यावी. कुठल्याही स्तंभाची चौकट रंगवण्याआधी टेबल याच पद्धतीकडून तयार कंपोनंट घेतं. आत आधी ‘सुपर’ला, म्हणजे जेटेबलच्या मूळ पद्धतीला, हाक मारायची, म्हणजे ज्याचा त्याचा रेंडरर आपलं काम करतो, आकडे उजवीकडे सरकलेले राहतात, टिक टिकच राहते. मग त्या कंपोनंटला ओळीचा रंग द्यायचा आणि परत करायचा. नियम एका जागी, सगळे स्तंभ एका रंगात. ज्यांना फक्त एकच चौकट रंगवायची आहे त्यांनी खुशाल रेंडरर लिहावा. ओळ रंगवायची असेल तर माझ्या मते ‘प्रिपेअर रेंडरर’ हीच योग्य जागा.

स्विंगएक्स नावाच्या, स्विंगला वरून जोडायच्या कोडच्या संचात यासाठी ‘हायलायटर’ची फार सुबक सोय होती. अट एका वस्तूत, रंग दुसऱ्या वस्तूत, आणि दोन्ही टेबलाला जोडायच्या. कल्पना मला अजूनही आवडते. पण तो प्रकल्प ज्या जावा डॉट नेटवर राहत होता ते संकेतस्थळच २०१७ साली बंद झालं. रक्तपेढीच्या प्रोग्रॅममध्ये बाहेरच्या कोडवरचं नवं अवलंबन आणायचं तर ते पुढे सांभाळणारं कुणीतरी हवं. म्हणून नुसत्या स्विंगवरच भागवलं.

आता ज्या गोष्टीनं मला खरोखर घाबरवलं ती. ‘प्रिपेअर रेंडरर’ला मिळणारा ओळीचा क्रमांक हा पडद्यावरचा क्रमांक असतो, डेटामधला नव्हे. जावा ६ पासून जेटेबलला शीर्षकावर टिचकी मारून क्रम लावण्याची सोय आली आणि तेव्हापासून हे दोन क्रमांक वेगळे पडू शकतात. त्या क्रमांकानं थेट मॉडेलमधली, म्हणजे टेबलामागच्या डेटामधली, पिशवी उचलली, तर क्रम लावलेला नसेपर्यंत सगळं अचूक दिसतं. रक्तगटानुसार क्रम लावला की मजकूर हलतो आणि रंग मात्र जिथल्या तिथे राहतात. मुदत संपलेली पिशवी स्वच्छ पांढऱ्या ओळीत आणि चांगली पिशवी इशाऱ्याच्या रंगात! दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये हा दिसण्याचा दोष म्हणून चालला असता. इथे रात्री दोन वाजता, प्रसूतीत रक्तस्राव होणाऱ्या बाईसाठी धावत आलेल्या नातेवाइकासमोर, एकटा तंत्रज्ञ त्या रंगावर भरवसा ठेवतो. ‘कन्व्हर्ट रो इंडेक्स टू मॉडेल’ ही एक हाक मध्ये घातली की प्रश्न मिटतो. स्तंभांचंही तसंच आहे. ‘टेबलाचा पाचवा स्तंभ म्हणजे मुदत’ असं गृहीत धरलं आणि कुणी शीर्षक ओढून स्तंभ इकडचा तिकडे केला की नियम कप्प्याचा क्रमांक तारीख म्हणून वाचायला जातो. मी टेबलाला मूल्य विचारणंच सोडलं. ओळीचा क्रमांक बदलून घ्यायचा, मॉडेलकडून ती पिशवी ही पूर्ण वस्तू मागायची, आणि तिलाच तिची स्थिती विचारायची.

स्थिती काढण्याचा नियम मी टेबलाच्या बाहेर, पिशवीच्या वर्गाशेजारी ठेवला. त्याला स्विंगची ओळखही नाही. पिशवी आणि आजची तारीख द्या, तो चारपैकी एक उत्तर देतो: मुदत संपली, तपासणी बाकी, मुदत जवळ, ठीक. क्रमही हाच. भारतात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासणी झाल्याशिवाय ती देता येत नाही. तोवर ती वेगळ्या फ्रिजमध्ये थांबते. एखाद्या प्लेटलेटच्या पिशवीची तपासणी बाकी असेल आणि मुदतही उद्याच असेल, तर आधी काय दाखवायचं? मी प्रमुख डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “जी देताच येणार नाही ती देण्यासारखी दिसता कामा नये. बाकी सगळं त्यानंतर.” त्या वाक्यावरून क्रम ठरला. मुदत जवळ म्हणजे किती, हेही त्यांनीच घटकानुसार ठरवून दिलं: प्लेटलेटला १ दिवस, तांबड्या पेशींना ७, प्लाझ्माला ३०.

तारखांचा हिशेबही नव्यानं करावा लागला. जुना कोड दोन वेळांमधले मिलिसेकंद वजा करून दिवसाच्या मिलिसेकंदांनी भागत होता. मुदतीची तारीख मध्यरात्रीची धरलेली, आणि आत्ताची वेळ दुपारी तीनची. म्हणजे उद्याच्या तारखेपर्यंत ९ तास, आणि पूर्णांकी भागाकार शून्य. सकाळी असो वा दुपारी, ‘उद्या’चा ‘आज’ होत होता. जावा ८ मधला ‘लोकल डेट’ हा वर्ग अशा कामासाठीच आहे. त्यात वेळ नसतेच, आणि ‘क्रोनो युनिट’ दिवसांचा फरक बरोबर देतं. फक्त एक सांगतो: डेटाबेसमधून आलेली ‘एसक्यूएल डेट’ बदलताना ‘टू इन्स्टंट’ वापरू नका, ती पद्धत तिथे एक्सेप्शनच फेकते, म्हणजे चूक दाखवून थांबते. ‘टू लोकल डेट’ वापरा.

वेगाबद्दल थोडंसं. टेबल फक्त दिसणाऱ्याच चौकटी रंगवतं, पण पडद्यावर ३० ओळी आणि ७ स्तंभ असतील तर एका पूर्ण रंगवणीत ‘प्रिपेअर रेंडरर’ २१० वेळा चालतं. त्यात डेटाबेसला प्रश्न विचारणं किंवा दर वेळी नवी रंगवस्तू बनवणं अजिबात नको. रंग एकदाच बनवून ठेवले, आजची तारीखही मॉडेलकडे ठेवली.

आता रंगांकडे येतो. मी पहिला नमुना दाखवला त्यात मुदत जवळ म्हणजे फिकट पिवळा, मुदत संपली म्हणजे गुलाबीसर लाल, असं जगभर चालतं तसंच होतं. वरिष्ठ तंत्रज्ञ मॅडम थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, पिवळं दिसलं की आमचा हात ए गटाकडे जातो.” आपल्याकडे रक्ताच्या पिशवीवरच्या लेबलाचे रंग औषधांच्या नियमांनीच ठरवून दिलेले आहेत: ओ गटाला निळा, ए गटाला पिवळा, बी गटाला गुलाबी, एबी गटाला पांढरा. वर्षानुवर्षं हे रंग त्यांच्या हातात मुरलेले. माझ्या यादीत पिवळ्या ओळीत बी गटाची पिशवी होती आणि गुलाबी ओळीत ओ गटाची. पडद्यावर अक्षरांत बरोबर गट लिहिलेला असला तरी घाईत डोळा आधी रंग वाचतो. रंग कोरा नसतोच. त्या खोलीत त्याला आधीपासून अर्थ होता आणि माझ्या ओळी तो अर्थ पुसायला निघाल्या होत्या.

मग आम्ही खऱ्या पिशव्यांची कोरी लेबलं पडद्याशेजारी धरून रंग निवडले. पिवळा, गुलाबी, निळा सरळ बाद. मुदत जवळसाठी फिकट जांभळा, तपासणी बाकीसाठी राखाडी, मुदत संपलीसाठी गडद विटकरी आणि त्यावर पांढरी अक्षरं. फिकट विटकरी आधी करून पाहिला. ट्यूबलाइटच्या उजेडात तो गुलाबीच दिसायचा, म्हणून गडद केला. अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला फरक मी ४.५ ला १ या प्रमाणापेक्षा जास्त ठेवला. वेबसाठीच्या सुगमतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी हेच किमान प्रमाण धरतात. लाल-हिरवा भेद न दिसणं हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे पुरुषांत तो जास्त आढळतो, आणि रात्रपाळीत पुरुष तंत्रज्ञच जास्त असतात. म्हणून एकट्या रंगावर काही सोपवायचं नाही असं ठरवून ‘स्थिती’ नावाचा आठवा स्तंभ घातला. त्यात शब्दांत लिहिलेलं येतं: ‘२ दिवस उरले’, ‘तपासणी बाकी’, ‘देऊ नये’.

निळ्याचा प्रश्न तरीही उरलाच होता. तंत्रज्ञ पिशवीवरचा बारकोड स्कॅन करतो आणि प्रोग्रॅम ती ओळ निवडतो. निवडलेली ओळ निळी, कारण निवडीचा रंग विंडोजकडून येतो. म्हणजे ज्या क्षणी पिशवी हातात आहे, नेमक्या त्याच क्षणी इशाऱ्याचा रंग झाकला जायचा, आणि वर ती ओळ ओ गटाची वाटायची! इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत ‘ओळ निवडलेली नसेल तरच रंग द्या’ अशी अट असते, आणि सर्वसाधारण प्रोग्रॅमसाठी ती ठीकही आहे. इथे मी उलट केलं. निवडलेली ओळही आपल्या स्थितीच्याच रंगात राहते, आणि निवड दाखवायला तिच्या वर आणि खाली काळी जाड रेघ येते. त्यासाठी ‘मॅट बॉर्डर’ पुरते, डावी-उजवी बाजू शून्य ठेवायची म्हणजे चौकटी तुटक न दिसता ओळ सलग दिसते. अक्षरांचा रंग इथेही आठवणीनं ठरवावा लागतो, नाहीतर निवडीची पांढरी अक्षरं फिकट जांभळ्यावर उमटतात आणि वाचताच येत नाहीत.

एक दोष पकडायला अवघड गेला. तपासणीचा निकाल आला की तंत्रज्ञ टिक करतो, आणि राखाडी ओळ पांढरी व्हायला हवी. व्हायची फक्त टिकेची चौकट, बाकी ओळ राखाडीच. दुसऱ्या ओळीवर टिचकी मारली की सगळं आपोआप सुधारायचं, म्हणून तक्रार नीट सांगताही येत नव्हती. कारण असं की मॉडेल ‘फायर टेबल सेल अपडेटेड’ म्हणत होतं, आणि टेबल प्रामाणिकपणे तेवढीच चौकट पुन्हा रंगवत होतं. एका चौकटीवर आता पूर्ण ओळीचा रंग अवलंबून आहे हे टेबलाला कसं कळणार? ते मॉडेलनंच सांगायला हवं. तिथे ‘फायर टेबल रोज अपडेटेड’ केलं आणि पूर्ण ओळ एकदम बदलू लागली.

याचाच मोठा भाऊ म्हणजे मध्यरात्र. रक्तपेढीतला संगणक बंद होत नाही. रात्री बाराला तारीख बदलते, काही पिशव्यांची मुदत संपते, पण डेटा बदललेलाच नसतो, त्यामुळे टेबलाला पुन्हा रंगवायचं काही कारण नसतं. त्यातून यादी सरकवली की स्विंग आधी दिसणारा भाग जसाच्या तसा उचलून सरकवतं आणि नव्यानं उघडलेल्या ओळीच तेवढ्या रंगवतं. म्हणजे अर्धी यादी कालच्या तारखेची आणि अर्धी आजची. स्विंगचा स्वतःचा टायमर लावला, दर मिनिटाला तो तारीख बदलली का एवढं पाहतो, आणि बदलली असेल तर मॉडेलला नवी तारीख देऊन पूर्ण टेबल पुन्हा रंगवायला सांगतो. टायमर स्विंगचाच हवा, कारण त्याचं काम पडद्याच्या धाग्यावर, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या थ्रेडवरच, चालतं. दुसऱ्या धाग्यावरून टेबलाला हात लावला तर कधीतरी, न सांगता, काहीतरी बिघडतं.

गणपतीनंतर आणखी एक गोष्ट पुढे आली. मंडळांच्या शिबिरांत एकाच दिवशी भरपूर संकलन होतं, त्यामुळे त्या सगळ्या पिशव्यांची मुदतही एकदम जवळ येते. साधारण महिन्यानं पडदा वरपासून खालपर्यंत जांभळा झाला. नियम बरोबर होता, पण सगळ्या ओळी ओरडायला लागल्यावर कुणाचंच ऐकू येत नाही. तेव्हा जांभळ्याच्या दोन छटा केल्या: शेवटच्या दोन दिवसांतल्या तांबड्या पेशींसाठी गडद, बाकीच्यांसाठी फिकट. शिवाय यादी उघडताच मुदतीच्या क्रमानं लावलेली यायला लागली. एवढ्यानं भागलं, पण मला विचाराल तर अशा वेळी रंगापेक्षा शेजारच्या मोठ्या रुग्णालयाला केलेला फोन जास्त उपयोगी, आणि त्यांनी तो केलाही.

जाता जाता ओळीच्या उंचीबद्दल. जेटेबलची मूळ उंची १६ पिक्सेल असते. इंग्रजी अक्षरांना ती पुरते, पण ‘स्थिती’ स्तंभातल्या वेलांट्या आणि उकार त्यात कापले जातात. फॉन्टच्या मापावरून उंची काढून ‘सेट रो हाइट’ केलं.

छपाईची चिंता होती ती मात्र फुकट ठरली. पाळी बदलताना यादी कागदावर काढतात, आणि जेटेबलची ‘प्रिंट’ पद्धत तेच रेंडरर वापरते. निवडीचा आपला रंग छापताना स्विंग स्वतःच वगळतं. पण तिथला प्रिंटर काळा-पांढरा, त्यामुळे फिकट जांभळा आणि राखाडी कागदावर सारखेच दिसतात आणि विटकरीला शाई फार लागते. म्हणून ‘इज पेंटिंग फॉर प्रिंट’ विचारून छापताना रंग काढून टाकले, मुदत संपलेल्या ओळीची अक्षरं ठळक केली. कागदावर आता ‘स्थिती’चा स्तंभच सगळं सांगतो. सध्या मी मुदतीचे आकडे कोडमधून काढून एका साध्या फाइलमध्ये हलवतो आहे, म्हणजे डॉक्टरांना प्लेटलेटचा १ दिवस बदलून २ करायचा असेल तर मला फोन करावा लागणार नाही.